अडलेली काच

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून या परंपरेच्या व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत सारे विषय येऊन गेले. त्या मानकऱ्यांच्या पंगतीत जुन्या मोटारीच्या दाराची काच आणून बसविणे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु आम्ही ज्यांच्यात वावरतो, ते लोक नगर ते शिर्डी भाड्याची गाडी चालवून पोट भरणारे आहेत. वैशाखातल्या दुपारी काच खाली येईनाशी झाली, म्हणजे त्यांचा वेदान्त आणि अर्थशास्त्र ही दोन्ही त्या काचेशीच अडतात. शनिशिंगणापुरास घरांना दारे नाहीत म्हणून देशभर कौतुक होते. पण भाविकांना तेथे नेणाऱ्या गाडीला दार आहे, दारात विजेची मोटर आहे आणि मोटरीमागे नाना कटकटी आहेत!

एक प्रसंग सांगतो. पंधरा वर्षे उलटून गेलेल्या एका गाडीची डावीकडली पुढची काच राहुरीच्या पुढे उघडी राहिली ती राहिलीच. गॅरेजवाल्याने दार न उघडताच निकाल दिला, "मोटर गेली, आख्खा सेट बदला." मालकाने तो खर्च चालकाच्या पगारातून कापण्याचे ठरविले. "तूच बटणाशी खेळतोस," हे त्यावरचे कारण. चालक आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला आला. आम्ही म्हटले, "दादा, अर्ज लिहू, पण आधी तक्रार खरी कोणाची ते पाहू." ओळखीच्या एका जुन्या वायरमनला बोलावले. त्याने दार उघडे ठेवून बटण दाबले, काच हलली. दार लावून दाबले, गप्प. बिजागरीपाशी जी रबरी नळी असते, तिच्यात एक तार आतल्या आत तुटली होती. मोटर ठणठणीत होती. वीतभर तार आणि अर्ध्या तासाचे काम, एवढ्यात निकाल लागला.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या नादी लागलो. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते अशाच माणसांच्या शेजारी उकिडवे बसून झाले. तेथे जे कळले ते येथे मांडतो.

पूर्वी ॲम्बॅसिडरच्या दाराला हँडल असे. ते फिरवले की आत दात्यांचे चक्र फिरे आणि काच वर-खाली होई. विजेच्या काचेत फरक एवढाच, की हाताच्या जागी लहानशी मोटर आली. वाट अशी आहे: बॅटरीपासून वीज फ्यूजमधून, बहुधा एका रिलेमधून, चालकाच्या दारावरील मुख्य स्विचकडे येते. तेथून रबरी नळ्यांतून इतर दारांच्या स्विचांकडे जाते आणि शेवटी मोटरीकडे. मोटर रेग्युलेटर ओढते. रेग्युलेटर म्हणजे काच उचलणारा सांगाडा. तो काही गाड्यांत कात्रीसारख्या पट्ट्यांचा, तर काहींत पोलादी केबलचा असतो. काच दोन्ही बाजूंच्या रबरी खाचांतून सरकते. या साखळीची कोणतीही कडी तुटली, तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच: काच हलत नाही. म्हणूनच 'मोटर गेली' असे म्हणणे सोपे जाते.

कारखान्यातील तक्रार आली की आम्ही प्रथम विचारतो, ही एकट्याची की साऱ्या खात्याची? काचेबाबतही पहिला प्रश्न तोच. सर्वच काचा बंद पडल्या असतील तर दोष चौघांना सामाईक असलेल्या जागी आहे: फ्यूज, रिले, मुख्य स्विच किंवा त्याची अर्थिंगची तार. चारही मोटरी एकाच दिवशी मरत नाहीत. केवळ चालकाची काच चालते आणि बाकीच्या तीन चालत नाहीत, असे असेल तर आधी मुलांसाठी असलेले कुलपाचे बटण पाहावे. ते दाबले गेले म्हणून गॅरेजपर्यंत गेलेल्या गाड्या आम्हांला ठाऊक आहेत.

एकच काच बंद असेल तर कान लावावा. बटण दाबल्यावर मोटर घुरघुरते आणि काच जागची हलत नाही, तर वीज पोहोचली आहे. केबल तुटली, दाते झिजले किंवा काच पकडीतून सुटली. आवाज नाही, पण बटण दाबताच दिव्यांचा उजेड किंचित मंदावतो, तर मोटरीला वीज मिळते आहे, ती अडकून पडली आहे. आवाजही नाही आणि दिवेही ढळत नाहीत, तर वीज वाटेतच थांबली आहे. काच खाली जाते पण वर येत नाही, तर संशय स्विचवर घ्यावा, कारण एका दिशेला फिरणारी मोटर सहसा जिवंत असते. बराच वेळ दाबल्यावर बंद पडते आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालते, तर मोटर तापून तिच्यातील संरक्षक कळीने वीज तोडली आहे. मोटर तापली का, ते मग खाचांत शोधावे.

आता थोडे आतले मर्म. मोटरीला तारा दोनच. एकीला अधिक आणि दुसरीला उणे दिले की काच वर, अदलाबदल केली की खाली. बहुतेक जुन्या गाड्यांत बटण मोकळे असताना दोन्ही तारा उण्याला, म्हणजे अर्थला, जोडलेल्या असतात आणि डावीकडच्या दाराची ही अर्थची वाट चालकाच्या मुख्य स्विचमधून जाते. त्यामुळे डावीकडची काच तिच्या स्वतःच्या बटणानेही हलत नसली, तरी रोग उजव्या दारात असू शकतो. दुखणे पायाला आणि कारण कमरेत, अशातला हा प्रकार. मुख्य स्विच सर्वांत जास्त हाताळला जातो. उघड्या काचेतून पाऊस, धूळ आणि चहा त्याच्याच वाट्याला येतात.

त्याचे टोक काळे पडले की काय होते, याचा हिशेब करू. काच उचलताना मोटर समजा १० अँपिअर वीज ओढते. काळ्या टोकाचा अडथळा केवळ ०.२ ओहम धरला, तरी तेथे २ व्होल्ट खर्ची पडतात. बारातले दोन वाटेतच गेले, म्हणून काच कुंथत चढते. शिवाय त्या टोकावर २० वॅट उष्णता निर्माण होते आणि प्लास्टिक वितळू लागते. हीच वाट ५ वॅटच्या टेस्ट लॅम्पने तपासली तर तो अर्धा अँपिअरही घेत नाही. त्याला अडथळा जाणवतच नाही आणि तो लख्ख पेटतो. मग कारागीर म्हणतो, "वीज आहे, मोटरच गेली." तपासणी नेहमी मोटर जोडलेली ठेवून, बटण दाबून, मीटरने करावी. रिकाम्या हाताच्या माणसाला ओझ्याबद्दल विचारून उपयोग काय?

आमच्या जिल्ह्यात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे धूळ. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागून जाणाऱ्या गाडीच्या रबरी खाचांत माती भरते आणि उन्हाने रबर कडक होते. मोटरीला दुप्पट जोर लागतो. खाच ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी आणि सिलिकॉनचा फवारा मारावा. ऑईल किंवा ग्रीस कधी लावू नये. ते धूळ धरून ठेवते आणि रबर फुगवते. पुष्कळ 'गेलेल्या' मोटरी एवढ्यानेच परत येतात.

काही गोष्टी मात्र जिवाशी खेळणाऱ्या आहेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालू नये. मग फ्यूजऐवजी दारातली वायरिंग जळते. दाराचे पॅड काढण्यापूर्वी बॅटरीची उण्याची तार सोडावी आणि काच वर धरून चिकटपट्टीने चौकटीला बांधावी. कात्रीच्या रेग्युलेटरला ताणलेली स्प्रिंग असते. पट्ट्या पक्क्या न करता मोटर सोडली तर दातेरी चक्र झटक्यात फिरते आणि बोटे जातात. हे काम जाणत्यानेच करावे. आणि चावी गाडीत ठेवून लहान मुलांना एकटे सोडू नये. जुन्या गाड्यांतील काच अडथळा आला तरी थांबत नाही. ती मऊ रबर आणि कोवळी मान यांत भेद करीत नाही.

आता पुन्हा त्या चालकाकडे वळू. १९३६ सालच्या वेतन प्रदान कायद्याने एक तत्त्व घालून दिले: नुकसानीपोटी पगार कापायचा, तर ते नुकसान कामगाराच्याच हयगयीमुळे झालेले असावे आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. २०१९ च्या वेतन संहितेनेही ते राखले. पंधरा वर्षे दार उघडझाप होऊन तुटलेली तार ही हयगय नव्हे, ती झीज आहे, आणि झीज मालकाच्या खात्यावर पडते. तुटलेल्या तारेचा तुकडा टेबलावर ठेवल्यावर मालकाने वाद घातला नाही. अर्ज लिहावाच लागला नाही. अचूक निदान हे कामगाराचे सर्वांत स्वस्त हत्यार आहे, ही गोष्ट आम्ही तेथे शिकलो.

त्या गॅरेजवाल्यालाही आम्ही दोष देत नाही. तोही हातावर पोट असलेला. आपण त्याला सुट्या भागाचे पैसे खुशीने देतो, पण अर्धा तास डोके चालवून त्याने दोष शोधला आणि फक्त एक तार जोडली, तर "एवढ्याचे कसले पैसे?" म्हणून घासाघीस करतो. डोक्याला दाम मिळत नाही असे पाहिल्यावर तो भाग विकू लागतो. म्हणून गाडी त्याच्या हाती देताना इतकेच म्हणावे, "आधी दोष शोधा, त्याची मजुरी वेगळी देऊ." आणि ती द्यावी. त्या वायरमनने आमच्याकडून चहाखेरीज काही घेतले नव्हते. पुढच्या खेपेस आम्ही त्याची मजुरी आधी टेबलावर ठेवली, मग दाराला हात लावू दिला.