न्हाणीघर कधी रिकामं होणार?

मैत्रिणींनो, सकाळी उठल्याबरोबर बादली हातात नि टॉवेल खांद्यावर घेऊन बंद दाराकडे डोळे लावून बसण्याची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर आली आहे. लग्नानंतरची पहिली अडीच वर्षं आम्ही एका जुन्या वाड्यात काढली. खोली एक, तिच्यातच पडदा टाकून स्वयंपाक, आणि न्हाणीघर पाच बिऱ्हाडांत मिळून एक. समोरच्या काकूंची आंघोळ म्हणजे सगळी स्तोत्रं म्हणून होईपर्यंत! इकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नि तिकडे कडी वाजते का ते ऐकायचं. डोक्यात दुसरा विचार येणार कसा? बी.ए.ला असताना मी थोड्याफार कविता करत असे. त्या वाड्यात एकही झाली नाही.

म्हणूनच ग्वेंडोलिन ब्रुक्स या अमेरिकन कवयित्रीची एक छोटीशी कविता वाचली तेव्हा मी चपापले. मी एका शाळेत इंग्रजीचे अर्धवेळ तास घेते. तिथल्या कपाटातलं एक जुनं पुस्तक चाळताना ती सापडली. अवघ्या तेरा ओळी. शिकागो शहरातल्या एका कोंदट इमारतीत राहणारी माणसं तिच्यात बोलतात. एखादं स्वप्न या घरात शिरलं तर त्याचं काय होईल, असा त्यांना प्रश्न पडतो. पण घरात कांद्याचा नि तळलेल्या बटाट्यांचा वास कोंडलाय, बाहेरच्या बोळात कालचा कचरा कुजतोय. त्यातून स्वप्नाने वर यायचं कसं? आणि आलंच, तरी त्याला जपायला सवड कुणाला आहे? एवढ्यात पाच नंबरवाले न्हाणीघरातून बाहेर पडल्याची चाहूल लागते. झालं! कोमट का होईना, पाणी मिळेल, या आशेने सगळं लक्ष तिकडे. कविता तिथेच संपते.

तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? गरिबाची खोली अशीच असायची. मलाही आधी तसंच वाटलं. पण आमच्या वाड्यात नि त्या इमारतीत एक मोठा फरक होता. आम्ही वाड्यात राहिलो ते हातात पैसा नव्हता म्हणून. पुढे यांना बढती मिळाली, बँकेचं कर्ज मिळालं, आम्ही बाहेर पडलो. ब्रुक्सबाईंच्या शेजाऱ्यांपैकी कितीतरी जणांजवळ चांगल्या घराचं भाडं द्यायला पैसे असते, तरी ते घर त्यांना मिळालं नसतं. ते काळे होते.

हे कसं घडवून आणलं होतं ते जरा सांगते, कारण ते ठाऊक नसेल तर निम्मी कविता हातची जाते. १९१० ते १९७० या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे साठ लाख काळी माणसं उत्तरेच्या नि पश्चिमेच्या शहरांत गेली. दक्षिणेतला जाच चुकवायचा आणि गिरण्या-कारखान्यांत काम मिळवायचं, हा हेतू. शिकागोत त्यांना राहायला मिळाला तो शहराच्या दक्षिण बाजूचा एक चिंचोळा पट्टा. त्यातल्याच एका भागाला ब्राँझव्हिल म्हणत. माणसं येत राहिली, पट्टा मात्र फारसा वाढेना. कारण भोवतालच्या गोऱ्या वस्त्यांत घरमालकांनी आपापसांत करार केले होते, की आपलं घर काळ्या माणसाला विकायचं नाही नि भाड्यानेही द्यायचं नाही. हे नुसतं तोंडी नव्हे बरं का, घराच्या कागदपत्रांतच तसं लिहिलेलं असे! कुणी मोडलंच, तर शेजारी कोर्टात जात आणि कोर्ट त्या घरात आलेल्या कुटुंबाला बाहेर काढी.

मग त्या पट्ट्यातल्या मालकांची चंगळ. सहा-सात खोल्यांचं एक बिऱ्हाड असे, त्यात फळ्या ठोकून प्रत्येक खोली वेगळ्या कुटुंबाला द्यायची. कोपऱ्यात एक शेगडी ठेवली की झालं स्वयंपाकघर. यांनाच तिकडे 'किचनेट' म्हणत. (आपल्याकडे फ्लॅटच्या जाहिरातीत हा शब्द किती ऐटीत छापतात!) न्हाणीघर मात्र होतं तेच, सगळ्यांत मिळून एक. एका घराच्या भाड्याऐवजी सहा भाडी येऊ लागली. जाणार कुठे बिचारे? जागा वाईट आणि भाडं जास्त, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं, ते असं सुटलं.

सरकारनेही यात हात दिला. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले. कर्जाला चांगली वस्ती हिरवी, धोक्याची वस्ती लाल. काळ्या लोकांच्या वस्त्या बहुतेक लालच. १९३४ साली घरकर्जांना हमी देणारं सरकारी खातं निघालं, त्याची मदतही प्रामुख्याने गोऱ्यांच्या नव्या वसाहतींकडे वळली. बँकेचं दार बंद झाल्यावर काळी कुटुंबं हप्त्याने घर घेऊ लागली. किंमत दुप्पट-तिप्पट लावलेली, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर, आणि एक हप्ता चुकला की घरही गेलं नि भरलेले पैसेही गेले. भिशीचा एक हप्ता पुढेमागे झाला तर आपला जीव वरखाली होतो. इथे तर डोक्यावरचं छप्परच जायचं.

ब्रुक्सबाई यातूनच वर आल्या. जन्म १९१७चा, लग्न १९३९ साली, पुढच्याच वर्षी मुलगा झाला. नवराही कविता करणारा. म्हणजे घरात कवी दोन, पैसा कमी! शिकागोत अशाच एका किचनेटमध्ये त्यांनी संसार थाटला, आणि खिडकीतून दिसणारी माणसं, जिन्यात ऐकू येणारी भांडणं, शेजारणींचं हसणं-रडणं यांतून कविता केल्या. ब्राँझव्हिलवरचं त्यांचं पहिलं पुस्तक १९४५ साली निघालं. १९५० साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. ही बातमी घरी आली तेव्हा बिल थकल्यामुळे वीज तोडलेली होती. मायलेकांनी त्या अंधारातच नाच केला म्हणे. दुसऱ्या दिवशी छायाचित्रं काढायला माणसं आली तेव्हा बाईंच्या पोटात गोळा आला, की आता हे लोक दिव्याची वायर कशात खुपसणार? पण कुणीतरी गुपचूप व्यवस्था केलेली होती, दिवे लागले. पारितोषिकापेक्षा मला हाच प्रसंग जास्त आठवतो.

त्यांची दुसरी एक कविता मात्र मी सलग वाचू शकले नाही. मध्येच उठून मुलीच्या अंगावर पांघरूण घालून आले. १९६०च्या संग्रहातली ती कथाकविता आहे, रुडॉल्फ रीड नावाच्या एका कामकरी माणसाची. बायको, दोन मुली, एक मुलगा. त्याला एकच ध्यास लागलेला. रात्री अंथरुणात पडल्यावर वरून झुरळं पडत नाहीत, गिलावा ढासळत नाही, असं हवेशीर, बऱ्याच खोल्यांचं घर हवं. असं घर त्याला मिळतं, पण गोऱ्यांच्या गल्लीत. शेजारी वाकड्या नजरेने पाहतात. हे आपले नव्या घराच्या आनंदात. पहिल्या रात्री खिडकीवर दगड येतो. रीड गप्प. दुसऱ्या रात्री आणखी दगड. तरी गप्प. तिसऱ्या रात्री काच फुटते आणि धाकट्या मेबलला लागून रक्त येतं. मग तो बायकोचा हात दाबतो आणि बंदूक नि सुरा घेऊन बाहेर धावतो. चार जणांना जखमी करून मरतो. शेजारी त्याच्या प्रेताला लाथा मारतात, शिव्या घालतात.

आणि बायको काय करते? ती ओरडत नाही, धावत बाहेरही जात नाही. मुलीच्या जखमेवरची रक्ताने भिजलेली पट्टी बदलते. बस, एवढंच.

ही कवीची कल्पना म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. १९३७ साली शिकागोच्या एका गोऱ्या वस्तीत हॅन्सबेरी नावाचं काळं कुटुंब राहायला गेलं. गंमत बघा, वडील कार्ल हॅन्सबेरी स्वतःच किचनेट भाड्याने देऊन पैसेवाले झाले होते. पण पैसा असून काय उपयोग? घराभोवती जमाव जमला, आत भिरकावलेली वस्तू सात-आठ वर्षांच्या लोरेनला लागता लागता राहिली. वडील कोर्टकचेऱ्यांसाठी बाहेरगावी, आणि आई भरलेलं पिस्तूल घेऊन चार लेकरांची रात्र-रात्र राखण करी. १९४० साली सर्वोच्च न्यायालयात हॅन्सबेरी जिंकले, पण कायद्याच्या एका बारीक मुद्द्यावर. ते करार जसेच्या तसे राहिले. तीच लोरेन पुढे नाटककार झाली. एका काळ्या कुटुंबाने गोऱ्या वस्तीत घर घ्यायचं ठरवल्यावर काय होतं, यावरचं तिचं नाटक १९५९ साली ब्रॉडवेवर आलं. त्याचं नाव तिने लँग्स्टन ह्यूजच्या कवितेतून घेतलं.

ह्यूजचीच १९४०ची एक घरमालकावरची कविता आहे. छप्पर गळतं, पायऱ्या मोडल्या आहेत, आधी ते नीट करा, मग भाडं देतो, असं भाडेकरू म्हणतो. वाद वाढतो, मालक पोलीस बोलावतो आणि भाडेकरू तुरुंगात जातो. आपल्यापैकी पागडीच्या घरात राहिलेल्या कुणालाही समजेल अशी साधी गोष्ट. पण १९६५ साली बॉस्टनमध्ये जोनाथन कोझोल नावाच्या तरुण शिक्षकाने ही कविता चौथीच्या वर्गात वाचली, म्हणून त्याची नोकरी गेली! नेमलेल्या यादीत ती नव्हती, हे कारण. त्या वर्गातली बहुतेक मुलं काळ्या वस्तीतली होती. तासाला पैसे घेणारी बाई मी, हे वाचून अंगावर काटा आला.

तसल्या करारांची अंमलबजावणी कोर्टाने करू नये, असा निकाल १९४८ साली लागला. घर देताना रंग पाहायचा नाही, असा कायदा व्हायला मात्र १९६८चा एप्रिल उजाडला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवडाभरात. पण आधीच्या पिढीने ज्या वस्तीत घर घेतलं, त्यावरच पुढच्या पिढीची शाळा, नोकरी नि शिल्लक ठरत गेली. ती तफावत कायद्याने एका दिवसात कशी भरून निघणार?

आपल्याकडे ही हाक लवकर ऐकली ती दलित लेखकांनी. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नाव अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलेलं. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' त्याच वर्षीचा. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये मुंबईतल्या कावाखान्याचं वर्णन आहे, ते ब्रुक्सबाईंच्या कवितांशेजारी ठेवून वाचाच.

आता जे सांगायचं मी इतका वेळ टाळत होते, ते सांगते. तीन वर्षांपूर्वी आमची वरची खोली भाड्याने द्यायची होती. एक तरुण जोडपं आलं. ती परिचारिका, तो बँकेत. सासूबाईंनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. "अगंबाई, कालच एकांना शब्द दिलाय हो," असं त्या म्हणाल्या. कुणालाही शब्द दिलेला नव्हता. आत चहा गाळताना मला सगळं ऐकू येत होतं. मी ट्रे घेऊन बाहेर आले नि विचारलं, "साखर कमी नाही ना झाली?" जाताना त्या मुलीने दोघांचे कप स्वतः उचलले, आत येऊन मोरीत विसळले आणि पालथे घालून ठेवले. "राहू द्या हो," एवढंच मी म्हटलं. तेही कप पालथे घालून झाल्यावर.

यंदा दिवाळीनंतर ती खोली पुन्हा रिकामी झाली आहे. मागच्या रविवारी मेथी निवडताना मी सासूबाईंना रुडॉल्फ रीडची गोष्ट मराठीत सांगितली. त्या निवडत राहिल्या, मध्ये एकदाच हात थांबला.

"मग त्या पोरीचं काय झालं गं? जखम भरली का?"

"कवितेत ते दिलेलं नाही, आई," मी म्हटलं. मग म्हटलं, "खोलीची पाटी मी उद्या लावते. या वेळी येतील त्यांच्याशी मीच बोलेन. आडनाव विचारणार नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. निवडलेली भाजी माझ्याकडे सरकवून त्यांनी दुसरी जुडी सोडली.