उन्हात बसणाऱ्यांचे डोळे

एप्रिल लागला की धडगाव, मोलगी भागात आमचूरची लगबग सुरू होते. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी करून उन्हात पसरायच्या. हिवाळ्यात नंदुरबारजवळच्या मिरचीच्या पथारींवर तेच चित्र, फक्त रंग लाल. दोन्हीकडे बायका दिवसभर उघड्यावर. मी याच भागात डोळे तपासतो. पन्नाशीची बाई ‘झावळं दिसतं’ म्हणाली, की मी आधी विचारतो, ‘मावशी, दिवसभर काम कुठे करता?’

औषध टाकून बाहुली मोठी केली आणि यंत्रातून पाहिलं, की कित्येकींच्या भिंगात कडेकडून मध्याकडे सरकणाऱ्या पांढुरक्या पाचरी दिसतात. बहुधा खाली, नाकाच्या बाजूला. हा कडेचा मोतीबिंदू. वय, मधुमेह, तंबाखू, चुलीचा धूर ही कारणं आहेतच. पण या प्रकारात उन्हाचा वाटा मोठा. अमेरिकेत चेसापीक उपसागरावरच्या ८३८ कोळ्यांचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यभरात डोळ्यांवर पडलेले अतिनील-बी किरण दुप्पट, तर या मोतीबिंदूचा धोका १.६ पट, असं त्यात आढळलं.

पारपटलातून, म्हणजे कॉर्नियातून, आत आलेले बहुतेक अतिनील किरण भिंग शोषून घेतं, म्हणून मागचा पडदा वाचतो. मार भिंगाला बसतो. त्याला रक्तवाहिन्या नाहीत, आणि गाभ्यातली प्रथिनं तर आईच्या पोटात असताना तयार झालेली. ती पुन्हा बदलत नाहीत. किरणांमुळे भिंगात ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात. त्यांना आवरायला विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. एक विकर त्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करून टाकतात. जखमेवर पेरॉक्साइड ओतल्यावर फसफसून फेस येतो ना, ते कॅटॅलेजचंच काम.

अडचण अशी, की अतिनील किरण खुद्द कॅटॅलेजलाच निकामी करतात. दुसऱ्या विकराला लागणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठाही वयाबरोबर घटतो. राखणदारच थकले, की प्रथिनांमधले गंधकाचे अणू एकमेकांना जखडतात, गुठळ्या होतात, आणि उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवतीच्या भागासारखं भिंग पांढरं पडतं. हे उलटवणारं औषध आजवर नाही. शस्त्रक्रिया आहे, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. ‘पिकू द्या, मग काढू’ हे जुन्या काळचं. फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो, डोळ्यातला दाबही वाढवू शकतो.

ऊन तापत नाही म्हणून किरण नाहीत, असं समजू नका. ते पातळ ढगांतूनही येतात. डोक्यावरच्या पदराने डोळ्यांवर सावली पडत नाही. तो कपाळापुढे ओढायला हवा. रुंद काठाची टोपी डोळ्यांवरचे किरण निम्म्यापर्यंत कमी करते. काळा चष्मा घ्यायचा तर अतिनील किरण अडवणाराच घ्या. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरणांना वाट मोकळी मिळते.

व्यापाऱ्यांना माझी विनंती आहे. मिरची पसरायला ऊन लागतं, देठ खुडायला लागत नाही. अवकाळी पावसात मालासाठी ताडपत्री लगेच निघते. तीच चार बांबूंवर बांधा आणि देठ खुडणाऱ्या बायकांना तिच्याखाली बसवा.