सावित्रीवरचा दगडी पूल

मुंबई-गोवा महामार्गाने गणपतीला गाव गाठणाऱ्यांना महाडजवळची सावित्री नदी ठाऊक आहे. गाडी पुलावर आली की इतरांबरोबर मीही नदीत नाणे टाकत असे, हात जोडत असे. पण ज्या पुलावरून जात होतो, त्याच्याकडे कधी निरखून पाहिले नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो कोसळला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. त्यानंतर मी दगडी पूल समजून घेऊ लागलो.

सावित्रीवरचा हा पूल १९२८ सालचा, घडीव दगडाच्या कमानींचा. दगड दाबाला दणकट, पण ताणाला कच्चा. म्हणून जुने बांधणारे कमान करीत. आधी लाकडी साचा उभारायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे दगड रचत आणायचे आणि माथ्याचा दगड शेवटी ठोकून बसवायचा. मग साचा काढला तरी कमान पडत नाही. प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि सारा भार खांबांत उतरतो. वरून ओझे आले की दगड एकमेकांना अधिकच घट्ट धरतात.

मात्र हे सारे खांब जागचा हलत नाही तोवरच! मधल्या खांबाला दोन्हीकडच्या कमानी सारख्याच जोराने रेटत असतात, म्हणून तो तोललेला राहतो. एक खांब किंवा एक कमान गेली की हा तोल जातो आणि शेजारची कमानही धोक्यात येते.

सावित्री उगम पावते महाबळेश्वरी. तिथला धो धो पाऊस घाट उतरून थोड्याच वेळात महाडला येतो. असा पूर खांबाला अडला की पाणी भोवरा घेत खाली वळते आणि बुंध्याची माती, गोटे खरवडून नेते. वर डांबर गुळगुळीत असते, खाली पाया उघडा पडत असतो. दगडांमधल्या दर्जांतला चुना झिरपून जातो, तिथे पिंपळ रुजतो आणि त्याची मुळे दगड फाकवतात.

शेजारी २००१ साली बांधलेला पूल त्या रात्री उभा राहिला. पडलेल्या पुलाच्या जागी जून २०१७ मध्ये नवा पूल खुला झाला. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

आपल्या गावाजवळ असा जुना पूल असेल, तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर एकदा त्याच्याखाली जाऊन पाहा. खांबाच्या बुंध्याशी खड्डा, निसटलेला दगड, कमानीतली नवी भेग किंवा पिंपळाचे रोप दिसले, तर बांधकाम खात्याला लेखी कळवा. मीही आता नदीला हात जोडण्याआधी पुलाखाली डोकावतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)