मत्स्यपारध, कृत्रिम माशीची

पिसे, लोकर, रेशीम, प्राण्यांचे केस इ. पदार्थ गळावर बांधून केलेली कीटकाची प्रतिकृती पाण्यावर किंवा पाण्यात सोडून मासा पकडण्याची पद्धत. ती मुख्यत्वे ट्राउट माशासाठी वापरतात. गळाच्या इतर प्रकारांत आमिषाच्या किंवा शिशाच्या वजनाने दोरी दूर जाते. येथे माशीला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून दोरीच जाड व वजनदार करावी लागते. लवचिक काठी मागेपुढे झुलविली म्हणजे दोरी हवेत उलगडते आणि टोकाचा बारीक धागा व माशी अलगद पाण्यावर उतरतात.

ही कला प्राचीन आहे. मॅसिडोनियातील लोक लाल लोकर व कोंबड्याची दोन पिसे गळाला बांधून मासे धरीत, असे ईलियन या लेखकाने इ. स. २०० च्या सुमारास नोंदविले आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका ग्रंथात बारा माश्यांचे वर्णन आढळते. आल्फ्रेड रॉनल्ड्‌स याने १८३६ मध्ये नैसर्गिक कीटक, त्याचे शास्त्रीय नाव व त्याची प्रतिकृती यांची सचित्र सांगड घातली आणि पारध्याचा अनुभव कीटकविज्ञानाशी जोडला गेला.

अनुकरणात सर्वांत महत्त्वाचा गण एफेमेरॉप्टेरा, म्हणजे मे माश्यांचा. इंग्लंडमधील एफेमेरा डॅनिका या जातीचे अर्भक तळाच्या गाळात सु. दोन वर्षे पुरून राहते. मे-जूनमध्ये ते पृष्ठभागावर येऊन कात टाकते व धुरकट पंखांची माशी बाहेर पडते. ती झुडपांत जाऊन पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा हा कीटकांचा एकमेव गण होय. प्रौढाला अन्न घेता येत नाही. मीलनानंतर मादी पाण्यात अंडी घालते आणि पंख पसरून प्रवाहावर मरून पडते. अर्भक, धुरकट माशी, चमकदार माशी व मृत माशी या चारही अवस्था ट्राउट खातो. त्यामुळे प्रत्येकीची प्रतिकृती वेगळी असते. ट्रायकॉप्टेरा गणातील कॅडिसचा डिंभ वाळू किंवा काड्या यांचे घर करून त्यात राहतो. पुढे कोश तयार होतो. प्रौढ झाल्यावर पंख छपरासारखे मिटलेले असतात. स्टोनफ्लायचे अर्भक मात्र सहसा दगडावर चढून कात टाकते. तलावांत कायरोनोमिड माश्यांचे महत्त्व अधिक असते.

ट्राउटला पाण्याबाहेरचे जग सु. ९७ अंशांच्या शंकूतून, एखाद्या गोल खिडकीतून दिसावे तसे दिसते. त्याबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो. म्हणून माशीचा रंग हुबेहूब साधण्यापेक्षा तिचा आकार, आकारमान आणि पाण्यावर टेकण्याची ढब साधणे बहुधा अधिक मोलाचे ठरते.

हँपशरमधील टेस्ट व इचेन या चुनखडीच्या प्रदेशातील नद्यांवर याच प्रश्नावरून वाद झाला. फ्रेडरिक हॅलफर्ड (ग्रंथ १८८६ व १८८९) याच्या मते पृष्ठभागावर कीटक टिपणाऱ्या माशाकडेच तरंगती माशी टाकावी. जी. ई. एम. स्क्यूज याने पकडलेल्या माशांच्या जठरांतील अन्न तपासले. ट्राउटचे बरेचसे खाद्य पृष्ठभागाखालीच मिळते, हे दाखवून त्याने १९१० मध्ये बुडत्या अर्भक-प्रतिकृतीचा पुरस्कार केला. हा वाद १९३८ पर्यंत धुमसत होता. बाहेरच्या वाचकाला तो क्षुल्लक वाटेल. परंतु त्यामुळे नदीतील कीटकांचे बारकाईने निरीक्षण झाले, हे नाकारता येत नाही.

या निरीक्षणाचा अनपेक्षित उपयोग पुढे झाला. अर्भके व डिंभ प्रदूषणास अत्यंत संवेदनशील असतात. ब्रिटनमध्ये मत्स्यपारधी ठरावीक ठिकाणी तळ ढवळून त्यांची नियमित गणना करतात. जुलै २०१३ मध्ये केनेट नदीत क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक शिरून सु. १५ किमी. पात्रातील कीटक व गोड्या पाण्यातील झिंगे नष्ट झाले. पाणी नितळ दिसत होते व मासे जिवंत होते. अशा गणनेमुळेच ही हानी लक्षात आली.

भारतात ट्राउट मूळचा नाही. तपकिरी ट्राउट १९०० मध्ये काश्मीरमध्ये आणला गेला. नंतर हिमाचल प्रदेश व निलगिरी येथेही ट्राउटचे संवर्धन झाले. त्याला थंड व भरपूर ऑक्सिजनयुक्त पाणी लागते. उन्हाळ्यात तापणाऱ्या महाराष्ट्रातील नद्यांत तो टिकू शकत नाही.