मान, कर्तव्य आणि त्याग : मराठी ऐतिहासिक नाटकातील स्त्री
(जपानी सामुराई-नाटकांच्या संदर्भात एक विवेचन)

१. दोन आख्यायिका

विरारच्या पूर्वेकडील चंदनसारपासून वसईचा किल्ला फार दूर नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे हा किल्ला पोर्तुगीजांनी खाली केला. शरणागतीच्या अटींप्रमाणे आतील शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. या विजयाला जोडून एक आख्यायिका या भागात आणि महाराष्ट्रात इतरत्रही सांगितली जाते. किल्लेदाराची रूपवती पत्नी चिमाजी अप्पांपुढे आणली गेली. त्यांनी तिची साडीचोळी देऊन पाठवणी केली. हिच्याआधीची आणि हिच्याहून अधिक प्रसिद्ध अशी दुसरी आख्यायिका कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची आहे. आबाजी सोनदेवांनी १६५७ च्या स्वारीत तिला शिवाजी महाराजांपुढे उभे केले आणि महाराजांनी तिला मातेसमान मानून परत पाठविले, अशी ती कथा आहे. दोन्ही कथांना समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार नाही. तथापि समाजाने त्या जतन केल्या, यावरून त्या समाजाची मूल्यकल्पना समजते.

या दोन्ही कथांचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात घेतले जात नाही. त्यांत स्त्री एक शब्दही बोलत नाही. मान तिचा राखला जातो, परंतु कथेचा विषय तिचा मान नसून तो राखणाऱ्याचे शील हा आहे. तिला काय वाटले, परत गेल्यावर तिचे काय झाले, हे कथा विचारीत नाही.

आख्यायिकेला स्त्रीचे मौन चालते. नाटकाला ते चालत नाही. नाटकातील पात्राला रंगभूमीवर उभे राहिल्यावर बोलावेच लागते, आणि ते बोलू लागले म्हणजे मान, कर्तव्य व त्याग या शब्दांखाली झाकलेले प्रश्न उघडे पडतात : निर्णय कोणाचा, त्याची किंमत कोण देतो, आणि त्या किमतीविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला? या तीन प्रश्नांच्या आधारे मराठी ऐतिहासिक नाटकातील काही स्त्री-पात्रांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. तुलनेसाठी अठराव्या शतकातील जपानी नाटके घेतली आहेत. कारण हेच प्रश्न त्या नाटकांनी अत्यंत कठोरपणे हाताळले आहेत.

२. जपानी नाटकातील तुलनेचे माप

ओसाका व एदो या नगरांत ‘जोरुरी’ म्हणजे बाहुल्यांचे नाट्य आणि ‘काबुकी’ म्हणजे नटांचे नाट्य बहरले. त्यांतील सामुराई-नाटके बहुतांशी नागर व्यापारी वर्गापुढे होत असत. जो आचारधर्म प्रेक्षकांवर प्रत्यक्ष बंधनकारक नव्हता, तोच ते रंगभूमीवर डोळे भरून पाहत. ‘गिरी’ म्हणजे स्वामी, कुल किंवा उपकारकर्ता यांच्याविषयीचे ऋण व कर्तव्य. ‘निंजो’ म्हणजे माणसाची स्वाभाविक माया. या दोहोंचा संघर्ष हा या नाटकांचा प्राण होय.

‘मेइबोकु सेन्दाई हागी’ या नाटकातील मासाओका ही त्याचे उत्कृष्ट उदाहरण आहे. काबुकीत हे नाटक १७७७ मध्ये आणि जोरुरीत १७८५ मध्ये आले; त्याला आधार सतराव्या शतकातील दाते घराण्यातील गृहकलहाचा. मासाओका ही बालसरदाराची दाई. त्याला विष घालण्याचा कट शिजत असल्यामुळे ती मुदपाकखान्यातील अन्न त्याला देत नाही. स्वतःच्या दालनात चहाच्या उपकरणांवर भात शिजविते. सरदाराचा मुलगा आणि तिचा स्वतःचा मुलगा, दोघेही भुकेले बसून राहतात. पुढे कटातील एक प्रतिष्ठित स्त्री मिठाईची भेट घेऊन येते. तेव्हा दाईचा मुलगा, त्याला पूर्वीच शिकविल्याप्रमाणे, पुढे झेपावून ती मिठाई स्वतः खातो. विषप्रयोग उघड होईल या भीतीने कटातील दुसरी स्त्री त्याला तेथेच भोसकते. मासाओका बालसरदाराला जवळ धरून निश्चल उभी राहते. तिच्या चेहऱ्यावरील रेषही हलत नाही हे पाहून आलेल्या पाहुणीला वाटते की, हिने मुले बदलली असली पाहिजेत आणि मेला तो खरा सरदारच. या समजुतीने ती कटवाल्यांच्या नावांची गुंडाळी मासाओकाच्या हाती देते.

येथवर नाटक कर्तव्याचे आहे. परंतु सर्व निघून गेल्यावर मासाओका एकटी उरते आणि मुलाच्या प्रेताजवळ तिचा बांध फुटतो. या विलापाला ‘कुदोकी’ ही स्वतंत्र संज्ञा असून प्रेक्षक ज्याची वाट पाहतात तो हाच भाग होय. पोटच्या मुलाला मरणाची शिकवण देणारी आई जगात दुसरी असेल काय, हा त्या विलापाचा आशय आहे. तो उच्चारताना मासाओका आपला निर्णय चुकला असे म्हणत नाही. आणि तो योग्य होता म्हणून दुःख नाही, असेही म्हणत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या राहतात.

१७४६ च्या ‘सुगावारा देन्जू तेनाराई कागामी’ या नाटकात, स्वामिपुत्राऐवजी मारला जावा म्हणून चियो आणि तिचा पती मात्सुओमारू आपल्या मुलाला पाठशाळेत धाडतात. १७४८ च्या ‘कानादेहोन चूशिंगुरा’ मधील ओकारू पतीच्या स्वामिकार्याला द्रव्य मिळावे म्हणून कलावंतिणीच्या घरी विकली जाते. अपमानित झालेली तोनासे आपल्या सावत्र मुलीला मारून स्वतःही मरण्यास सिद्ध होते. या सर्व प्रसंगांत सरंजामी व्यवस्थेविरुद्ध बंड नाही. तरीही त्या व्यवस्थेचे कर्ज शेवटी कोणाच्या पदरातून फेडले जाते, हे नाटककार लपवीत नाहीत.

३. रमाबाई : त्यागाचे पूजन

मराठीतील पहिले स्वतंत्र ऐतिहासिक नाटक म्हणून विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) या नाटकाचा उल्लेख केला जातो. पेशवाई बुडून तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती. जपानी नाटककारांप्रमाणेच कीर्तनेही अस्तंगत झालेल्या जगाकडे नागर प्रेक्षकांच्या डोळ्यांनी पाहत होते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचा अंत झाला व रमाबाई सहगमन करत्या झाल्या. या घटनेवर नाटकाचा शेवट उभा आहे. मुंबई इलाख्यात सतीबंदी १८३० मध्ये झालेली असल्यामुळे, कायद्याने बंद झालेली चाल येथे रंगभूमीवर पुन्हा दिसली.

या प्रयोगांविषयीची एक आठवण मराठी रंगभूमीच्या इतिहासात सांगितली जाते. रमाबाई सती जाण्यास निघाली की प्रेक्षकांतील स्त्रिया उठून तिची ओटी भरीत. नटाच्या कौशल्याचे प्रमाण म्हणून ही आठवण नेहमी दिली जाते. परंतु तिच्यात याहून अधिक अर्थ आहे. प्रेक्षकवर्गाने तो प्रसंग शोकाचा न मानता पूजेचा मानला. ओटी भरणे हा सौभाग्याचा विधी आहे. मरावयास निघालेल्या तरुण स्त्रीविषयी करुणा वाटण्याऐवजी तिच्याकडून आशीर्वाद घ्यावासा वाटणे, याचा अर्थ त्यागाची किंमत तेथे मोजलीच गेली नाही असा होतो.

मासाओकाशी तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होतो. मासाओकाचा त्याग पुरा झाल्यावर नाटक थांबून तिचे ऐकते. रमाबाईचा त्याग पुरा होताच नाटक संपते. मागे राहून बोलण्यास ती नसते. सहगमनाच्या प्रसंगाची ही अंगभूत अडचण आहे. त्यात कर्तव्य आणि माया यांचा संघर्ष उभाच राहत नाही, कारण परंपरेने दोन्ही एकच मानली आहेत. रमाबाईच्या अंतरंगाकडे मराठी साहित्य विस्ताराने वळले ते पुढे कादंबरीच्या द्वारा. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) हे त्याचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण होय.

४. आनंदीबाई आणि द्रौपदी

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या नाटकांत स्त्रीचा मान दोन परस्परविरुद्ध रूपांत येतो. ‘कीचकवध’ (१९०७) मध्ये द्रौपदीचा अपमान हा राष्ट्राचा अपमान म्हणून प्रेक्षकांनी ओळखला, आणि सरकारनेही तो तसाच ओळखून १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. वर्तमानातील गोष्ट जुन्या काळाच्या पडद्याआडून सांगण्याची ही रीत जपानातही होती. ‘चूशिंगुरा’ च्या कर्त्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीची आको प्रकरणाची हकीकत शासनाच्या निर्बंधामुळे चौदाव्या शतकात नेऊन ठेवली. मात्र द्रौपदी देशाचे प्रतीक झाली की तिच्या वैयक्तिक दुःखाचा स्वर मंदावतो, हेही मान्य केले पाहिजे. वसईच्या आख्यायिकेत स्त्री विजेत्याच्या शीलाची साक्ष होते; येथे ती देशाच्या अवस्थेची साक्ष होते.

‘भाऊबंदकी’ (१९०९) मधील आनंदीबाई कोणाचेही प्रतीक होण्यास नकार देते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ चे ‘मारावे’ करणारी स्त्री म्हणून लोकस्मृतीने आनंदीबाईला दोषी ठरविले. ऐतिहासिक दृष्ट्या या आरोपाविषयी मतभेद आहेत. खाडिलकरांनी तिला पतीच्या भित्रेपणाला हिणविणारी, सत्तेची उघड आकांक्षा धरणारी स्त्री म्हणून रंगविले, आणि तिच्यासमोर न्यायाची बाजू घेऊन रामशास्त्री उभा केला. सद्गुणी स्त्रीला त्यागाखेरीज दुसरा मार्ग नाही आणि निर्णय स्वतःच्या हाती घेणारी स्त्री खलपात्र ठरते, असा येथे पेच आहे. नाट्यदृष्ट्या मात्र आनंदीबाई अधिक जिवंत वाटते. याचे कारण तिच्या दुष्टपणापेक्षा तिच्या बोलण्यात आहे : ती स्वतःसाठी बोलते.

याच इतिहासातील गंगाबाईकडे, म्हणजे नारायणरावांच्या विधवेकडे, नाटककारांचे लक्ष तितके गेले नाही. पतीच्या खुनानंतर पुरंदरावर कारभाऱ्यांच्या पहाऱ्यात तिचे दिवस गेले. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला आणि तो अवघ्या काही आठवड्यांचा असताना पेशवा झाला. जिच्या उदरावर राज्याचे भवितव्य अवलंबून होते, तिची इच्छा कोणी विचारल्याचे दिसत नाही.

५. गादी आणि मूल : सोयराबाई व येसूबाई

मासाओकाच्या प्रसंगाशी सर्वांत जवळचे नाते शिवशाहीवरील नाटकांत सापडते. वसंत कानेटकर यांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मध्ये सोयराबाई आपल्या मुलासाठी, राजारामासाठी, गादी इच्छिते. येथे माया हीच कर्तव्याच्या वाटेत उभी राहते. तिला केवळ कपटी सावत्र आई म्हणून न रंगविता, एका घरातील ताणाचा भाग म्हणून पाहण्याचा कानेटकरांचा प्रयत्न आहे. या ठिकाणी ऐतिहासिक नाटक कौटुंबिक नाटक बनते आणि स्त्रीच्या मायेला दोष म्हणून का होईना, पण स्थान मिळते.

याच्या नेमकी उलट परिस्थिती येसूबाईची. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले व पुढच्याच महिन्यात त्यांचा वध झाला. त्या वेळी शाहू सात वर्षांचाही नव्हता. मुलाचा हक्क बाजूस ठेवून राजारामाला पुढे करण्यास येसूबाईने संमती दिली. राजाराम रायगडाबाहेर निसटला. ती मुलासह गडावर राहिली. नोव्हेंबर १६८९ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला. शाहू १७०७ मध्ये सुटला, येसूबाई १७१९ मध्ये. जवळजवळ तीस वर्षे तिने कैदेत काढली.

हा त्याग मासाओकाच्या जातीचा आहे : स्वतःच्या मुलाला धोक्यात ठेवून राज्याचा वारस सुरक्षित करणे. येथे निर्णय तिचा आहे, किंमत तिची आणि मुलाची आहे, आणि ती मेली नसल्यामुळे बोलण्याची शक्यताही शिल्लक आहे. संभाजी महाराजांच्या अंतावर कानेटकरांनी ‘इथे ओशाळला मृत्यू’ (१९६८) लिहिले. परंतु त्या मृत्यूची भव्यता एवढी मोठी आहे की मागे उरलेल्या स्त्रीची तीस वर्षे तिच्या सावलीत जातात. रणांगणावरील अथवा चितेवरील क्षण नाटकाला सहज पेलतो. कैदेतील दीर्घ काळ पेलणे अवघड असते. जपानी नाटककारांनी ही अडचण विलापाच्या एका प्रवेशात सारा काळ घट्ट करून सोडविली. मराठीत असा प्रवेश येसूबाईला मिळण्यास पुरेपूर वाव होता.

६. पुरुषनटाचा स्वर

दोन्ही रंगभूमींवरील स्त्रीचा आवाज दीर्घकाळ पुरुषाचा होता, हेही विसरता येत नाही. जपानमध्ये १६२९ मध्ये स्त्रियांना काबुकीत काम करण्याची मनाई झाली आणि ‘ओन्नागाता’ म्हणजे स्त्री-भूमिका करणाऱ्या नटांची परंपरा निर्माण झाली. मराठीत बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) ही कला शिखरावर नेली. त्यांच्या वेशभूषेचे व चालण्याबोलण्याचे अनुकरण प्रत्यक्ष स्त्रिया करीत. यामुळे आदर्श स्त्रीची प्रतिमा पुरुषाने लिहिली, पुरुषाने वठविली आणि स्त्रियांनी ती आपली म्हणून स्वीकारली, असे वर्तुळ पूर्ण झाले. रमाबाईची ओटी भरणाऱ्या स्त्रिया पुरुषनटाची ओटी भरीत होत्या. तेवढ्याने त्यांची श्रद्धा खोटी ठरत नाही. पण त्यागाचा जो आदर्श त्या शिरोधार्य मानीत होत्या तो कोठून आला, हे मात्र यावरून कळते.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, त्याग दाखविला म्हणून नाटक थोर होत नाही. त्या त्यागाची किंमत देणाऱ्या व्यक्तीला ती उच्चारण्याचा अवकाश नाटककाराने दिला काय, यावर त्याची उंची ठरते. रमाबाईच्या नाटकात पूजन आहे, आनंदीबाईच्या नाटकात वाणी आहे पण सहानुभूती नाही, येसूबाईच्या बाबतीत दोहोंची शक्यता असूनही ती पुरती फळाला आलेली नाही. मासाओकाच्या नाटकात सरंजामी मूल्यांना धक्का न लावताही दुःखाला पूर्ण वाणी मिळाली आहे. म्हणून जुन्या मूल्यांवर श्रद्धा असलेला नाटककार स्त्रीचे दुःख लिहू शकत नाही, ही सबब टिकत नाही.

वसईच्या किल्ल्यातून पाठवणी झालेली स्त्री आख्यायिकेत गप्प राहिली. तिच्यावर उद्या कोणी नाटक लिहिले, तर त्याची पहिली कसोटी एवढीच राहील की, साडीचोळी हाती घेताना ती काय बोलते.