लेसर, पाणी आणि दवबिंदू



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक आग्रह असे. विज्ञान शिकवताना पुस्तकातील उदाहरणाआधी आपल्या गावातील उदाहरण शोधावे. त्या आग्रहाचे स्मरण ठेवूनच मी आजचा विषय निवडला आहे. लेसरच्या साहाय्याने चित्रे घेणाऱ्या यंत्रांतील नाजूक प्रकाशीय भाग पाण्याने थंड कसे ठेवतात, हा तो विषय होय. ऐकताना तो परका वाटेल. परंतु आपल्या जुळ्या शहरांशी त्याचे नाते जवळचे आहे.

१९७४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेचे कार्यालय आपल्या सिकंदराबादेतच, सरदार पटेल रस्त्यावर होते. उपग्रहाने टिपलेले पृथ्वीचे चित्र फिल्मवर उतरवण्यासाठी लेसरकिरणाने एकेक ओळ लिहिण्याची पद्धत पुढील काळात जगभर रूढ झाली. १९७७ साली हैदराबादेत पेशीय व रेणवीय जीवशास्त्राचे केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांत जिवंत पेशीचे अंतरंग लेसरच्या सूक्ष्मदर्शकातून न्याहाळले जाते. १९८७ साली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था उभी राहिली. आणि डोळ्याच्या आतील पडद्याचे चित्र घेण्यासाठी आज नेत्रवैद्यकात सर्वत्र लेसर वापरला जातो. भूमी असो, पेशी असो वा डोळा, चित्रावर भरवसा ठेवूनच पुढचा निर्णय घ्यायचा असतो. चित्रात दिसणारा डाग खरोखर तेथे आहे की यंत्राने निर्माण केला आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. माझी नोकरीची बहुतेक वर्षे याच शहरात, अशा यंत्रांची देखभाल करण्यात आणि याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेली.

प्रथम ही उष्णता येते कोठून ते पाहू. पहिला लेसर १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून साध्य केला. १९६४ साली विल्यम ब्रिजेस यांनी आर्गॉन वायूचा लेसर सिद्ध केला. त्याच वर्षी कार्बन डायऑक्साइडचा लेसर शोधणारे चंद्रकुमार पटेल हे बारामतीला जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, हे आपणांस ऐकून आनंद वाटेल. यांपैकी आर्गॉनचा निळा-हिरवा प्रकाश चित्रणासाठी फार उपयोगी ठरला. परंतु हा लेसर मोठा खर्चिक पाहुणा. पाच वॉट प्रकाश मिळवण्यासाठी त्याच्या नळीला सुमारे दहा किलोवॉट वीज द्यावी लागे. म्हणजे रुपयातील एक पैसासुद्धा प्रकाशाच्या वाट्याला येत नसे. उरलेली सारी वीज उष्णता होऊन बाहेर पडे.

ही उष्णता वाहून नेण्यास हवा अपुरी पडते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत पाणी सुमारे साडेतीन हजारपट उष्णता सामावून घेते. दहा किलोवॉट उष्णता शोषणारे पाणी मिनिटाला दहा लिटर या वेगाने वाहिले, तर ते सुमारे चौदा अंशांनी तापून बाहेर पडते. बालमित्रांनो, हे गणित घरी करून पाहा. आता हेच पाणी नळातून घेऊन थेट गटारात सोडले, तर सहा तासांच्या कामाला ३,६०० लिटर लागतील. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या शहरात असा अपव्यय कोणाला परवडेल? म्हणून तेच पाणी पुनःपुन्हा फिरवणारी बंद व्यवस्था करतात. त्यात टाकी, पंप, गाळणी, शीतक यंत्र आणि प्रवाह थांबताच लेसर बंद करणारा एक पहारेकरी खटका असतो.

येथे कोणी विचारील, तापते ती नळी. मग प्रकाशीय भागांची चिंता कशासाठी? कारण ते भाग थोड्याशा उष्णतेनेही बिघडतात. एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी पाच अंश तापली की सुमारे ११५ मायक्रोमीटर वाढते. सूक्ष्मदर्शकात ज्या छिद्रातून प्रकाश नेमका जावा लागतो, त्याचा व्यास पुष्कळदा याहून लहान असतो. किरणाची तीव्रता क्षणोक्षणी कमीअधिक करणाऱ्या स्फटिकात ध्वनिलहरी सोडलेल्या असतात. स्फटिक तापला की त्यातील ध्वनीचा वेग बदलतो आणि किरण जरासा भलतीकडे वळतो. लहान अर्धवाहक लेसरच्या प्रकाशाची तरंगलांबी दर अंशामागे साधारण ०.३ नॅनोमीटरने सरकते. यंत्र बंद पडत नाही, घंटा वाजत नाही. चित्र मात्र हळूहळू खोटे बोलू लागते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. या भागांना थंडीपेक्षा स्थैर्याची गरज अधिक असते. भाग २५ अंशांवर असला तरी चालेल. परंतु सकाळी २५, दुपारी २९ आणि सायंकाळी २६, हे चालणार नाही. म्हणून चांगल्या व्यवस्थेत पाणी केवळ थंड करीत नाहीत. ते गरजेहून अधिक थंड झाले तर किंचित तापवतातही. वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा थरकाप आरशांपर्यंत पोचू नये म्हणून पंप दूर ठेवतात आणि प्रवाह बेताचा राखतात.

पाणी कोणते, हाही प्रश्न आहेच. दख्खनच्या ग्रॅनाइटमधून येणारे बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. घरातील हीटरच्या कांबीवर साचणारा पांढरा थर आपण सर्वांनी पाहिला आहे. तोच थर बारीक नळ्यांत बसला की उष्णतेची वाट अडते. म्हणून क्षार काढलेले पाणी वापरतात. परंतु अतिशुद्ध पाणी भुकेले असते. ते धातूंतून काही ना काही ओढून घेते. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्याच्या वाटेत आले तर ॲल्युमिनियम कुरतडले जाते. शिवाय पारदर्शक नळीवर उजेड पडत राहिला तर आत शेवाळ धरते.

आता आपल्या हवेचा विचार. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते आणि पावसाळ्यात होत नाही, हे आजीलाही ठाऊक असते. हवेतील बाष्प बदलते, म्हणून असे घडते. वातानुकूलन नसलेल्या खोलीत मे महिन्यात तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे १३ अंशांवर येतो. जुलैत तापमान २७ अंशांवर उतरते. पण आर्द्रता ७५ टक्के झाली की दवबिंदू २२ अंशांवर चढतो. म्हणजे १८ अंशांचे पाणी मे महिन्यात निर्धोक, आणि जुलैत तेच पाणी आरशावर दव आणणारे! बाहेर गारवा आला म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि धोका नेमका तेव्हाच वाढलेला असतो.

एका प्रयोगशाळेतील प्रसंग सांगतो. आषाढाचे दिवस होते. एका संशोधक विद्यार्थिनीच्या चित्रांत डाव्या कडेला पेशी फिकट दिसू लागल्या. औषधाचा परिणाम असावा, असे सर्वांना वाटले; निबंधाचा मसुदाही सुरू झाला होता. मी नमुना काढून त्या जागी सर्वत्र सारखी चकाकणारी काच ठेवली. फिकेपणा तेथेच, डाव्या कडेला! शीतक उन्हाळ्यातल्याच आकड्यावर चालू होते आणि पाण्याच्या आधाराला जोडलेल्या एका आरशाच्या कडेवर दवाचा अतिशय तलम पडदा धरला होता. पाणी २५ अंशांवर आणताच तासाभरात कड स्वच्छ झाली. औषध निर्दोष ठरले. पण त्या मुलीचे दोन महिन्यांचे नमुने वाया गेले, आणि ते पुन्हा मिळण्यासारखे नव्हते.

यंत्रासोबत येणारी पुस्तिका बहुधा थंड देशातील वातानुकूलित खोली गृहीत धरून लिहिलेली असते. ती चुकीची नसते. पण तिला आपला आषाढ ठाऊक नसतो. म्हणून खोलीत तापमापक आणि आर्द्रतामापक शेजारी टांगावेत, रोज दवबिंदू काढावा आणि पाणी त्याहून दोन-तीन अंश वर ठेवावे. ज्या भागांना याहून थंड ठेवणे अटळच असते, ते कोरड्या नायट्रोजनने भरलेल्या किंवा निर्वात कुपीत बंद करतात.

आज बहुतेक ठिकाणी आर्गॉनच्या मोठ्या नळ्या गेल्या आणि घन लेसर आले. त्यांची उष्णता पुष्कळ कमी, परंतु स्थैर्याची मागणी पूर्वीपेक्षा काकणभर अधिकच. दवबिंदूचा नियम मात्र तोच राहिला आहे. तो शाळेच्या पुस्तकात असतो, परीक्षेत दोन गुणांसाठी विचारला जातो आणि पुष्कळदा तेथेच विसरला जातो. बालमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या डोळ्याचे किंवा पेशीचे चित्र हाती घेईल, तेव्हा त्यातील डागाला रोगाचे नाव देण्यापूर्वी खोलीतल्या हवेची चौकशी अवश्य करा. एखाद्या रुग्णाचे किंवा एखाद्याच्या वर्षभराच्या श्रमांचे भवितव्य त्या चौकशीवर अवलंबून असू शकते.