चाचपून न पाहिलेला पदर

कापडाच्या दुकानात गादीवर बैठक मारावी, दुकानदाराने एकामागून एक घड्या मोडाव्यात, आपण पोत अंगठा व तर्जनी यांच्यात चोळून पाहावा आणि शेवटी ‘उद्या येतो’ म्हणून उठावे, हा आपल्याकडील खरेदीचा जुना रिवाज. त्यात वेळ जाई, भीडही पडे. पण फसवणुकीला काही मर्यादा राही. भ्रमणध्वनीच्या, म्हणजे लोकभाषेत मोबाइलच्या, पडद्यावरून वस्त्रे मागविण्याची पद्धत रूढ झाली आणि या व्यवहारातून स्पर्श हे प्रमाणच वजा झाले.

या पद्धतीला नाके मुरडण्याचे कारण नाही. मनाजोगा पोशाख घेण्यासाठी ज्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवस खर्ची घालावा लागे, त्यांना ती वरदानच वाटली. २०१५ च्या मे महिन्यात ‘मिंत्रा’ने संकेतस्थळावरील विक्री बंद करून केवळ मोबाइलचाच मार्ग ठेवला, तो अतिरेक ठरला, सुमारे वर्षभराने तिला संकेतस्थळ पुन्हा उघडावे लागले. परंतु २०१६ अखेरीस इंटरनेट स्वस्त झाले आणि ज्यांच्या घरी संगणक कधीच नव्हता, त्यांच्यासाठी मोबाइल हेच दुकान झाले.

आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेने भाचीच्या लग्नासाठी अशीच एक ‘पैठणी’ मागविली. किंमत अठराशे रुपये. छायाचित्रातील मोर डौलदार होते. साडी आली तेव्हा बाईंनी प्रथम पदर उलटून पाहिला, आणि तेथेच सारे उघड झाले. हातमागावरील पैठणीत पदराची नक्षी रंगीत रेशमाने हाताने गुंफलेली असते. त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. या साडीच्या मागे सुटे धागे लोंबत होते. अठराशेत पैठणी कोठून येणार, हा प्रश्न रास्त आहे आणि तो बाईंनी स्वतःलाही विचारला. तरीही विक्रेत्याने तो शब्द वापरला, हे विसरता येत नाही. दुकानात जे अर्ध्या मिनिटात कळले असते, ते पडद्यावर कळण्याची सोयच नव्हती; उलट्या बाजूचे छायाचित्र कोणी देत नाही.

कायदा या बाबतीत मुका आहे असे नव्हे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण महिन्याभरात व्हावयास हवे. ‘दोनच नग शिल्लक’ अशी खोटी निकड दाखविणे, टोपलीत न मागितलेली वस्तू गुपचूप सरकविणे अशा १३ क्लृप्त्यांना २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मज्जाव केला आहे. मात्र हे सारे फसवणूक झाल्यावर किंवा होताना उपयोगी पडणारे. पैठणी म्हणून जे विकले जाते, त्याच्या पदराची उलटी बाजू आणि धाग्याचा प्रकार पडद्यावर दाखविणे सक्तीचे करावे, एवढी साधी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरावयास काय हरकत आहे? विणकराचेही त्यात हितच आहे. त्याच्या महिनोन्महिन्यांच्या श्रमाचे नाव यंत्रमागाच्या कापडाला फुकट मिळते आहे.

बाईंनी तक्रार केली. प्रारंभी यंत्राकडून ठरीव उत्तरे आली, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यावर साडी परत गेली. पैसे तीन आठवड्यांनी जमा झाले. लग्न त्यापूर्वीच पार पडले होते. बाई आईची जुनी पैठणी नेसून गेल्या.